तुम्ही विचारलंत म्हणून: फोन असताना ह्यो डबो कित्याक?

एसटीत, देवगडच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठेही मी खिशातून माझा छोटा एमपी३ प्लेअर काढला की प्रश्न येतोच. गावातली माणसं सरळ विचारतात, "फोन आसा मा तुझ्याकडे? मगे ह्यो डबो कित्याक?" मुंबईहून आलेले चाकरमानी विचारतात, "अजून मिळतात का हे? घ्यायचा तर कोणता घ्यावा?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणाहून सुरू होतं, आमच्या सड्यावरच्या मांगरातून, म्हणजे माळावरच्या आंबाबागेतल्या राखणीच्या खोपटातून.

आमची कलमं घरापासून दीड-दोन किलोमीटरवर. आंबा धरला की मे संपेपर्यंत रात्री कोणीतरी मांगरात झोपायचंच. २०१३ साली तिथे वीज नव्हती. फोनची बॅटरी गाण्यांत घालवली आणि रात्री दोनला बागेत कोणी शिरलं, तर घरी कळवणार कशाने? म्हणून साडेपाचशे रुपयांचा एक प्लेअर घेतला. बोटभर स्क्रीन, पाच बटणं, कार्ड घालायला खाच. एका कानात इअरफोन, दुसरा कान बागेकडे. आमच्याकडे राखणीला असलेल्या नेपाळी दाजूने पुढच्याच वर्षी स्वतःसाठी तसाच घेतला. त्याच्या कार्डात त्याच्या गावची गाणी होती, माझ्या कार्डात दशावतार. कधीकधी आम्ही रात्रीपुरती कार्डं बदलायचो. मला त्याची भाषा येत नाही, पण त्यातली दोन गाणी अजून पाठ आहेत.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या वाडीत नऊ दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी टॉवरही बंद पडला. फोन हातात होते, पण त्यांवर काही येत नव्हतं आणि काही जात नव्हतं. प्लेअरचा सेल एवढासा, त्यामुळे मोटरसायकलच्या बॅटरीवरून तासाभरात भरायचा आणि आठ-दहा तास चालायचा. पडलेली कलमं तोडताना तो माझ्या खिशात होता. त्या दिवसांत मला त्याचा केवढा आधार होता, हे मी सगळ्यांना सांगतो. एक गोष्ट तेव्हाच कळली: एफएम ऐकायचं तर इअरफोन लावलेलाच हवा, कारण त्याची वायर हीच एरियल. नुसत्या स्पीकरवर ऐकू म्हणाल तर खरखरच.

शेजारचा खलाशी ट्रॉलरवर जातो. किनारा मागे पडला की रेंज जाते, आणि मग फोनवरची ऑनलाइन गाणी निरुपयोगी. त्याचा आताचा प्लेअर तिसरा. पहिला समुद्राच्या पाण्यात पडला तिथेच संपला. दुसरा पडला नाही, पण खाऱ्या वाऱ्याने दोन हंगामांत खाल्ला. तो म्हणतो, काळोखात जाळं ओढायच्या आधी हात ओले असतात, टचस्क्रीन ओल्या बोटाला दाद देत नाही, बटण देतं. आता तो प्लेअर झिपच्या पिशवीत ठेवतो आणि पिशवीवरूनच बटण दाबतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तो माझ्याकडे कार्ड भरायला येतो.

आपल्याकडे हे प्लेअर मरतात ते खाऱ्या दमट हवेने, हे मी अनेकांचे उघडून पाहिल्यावर सांगतो आहे. आधी इअरफोनच्या भोकात आतला पत्रा हिरवट होतो. मग एकच कान वाजतो, आणि माणूस इअरफोन बदलत बसतो. दोन इअरफोन बदलूनही तोच कान मुका राहिला तर दोष भोकाचा समजा. काडीला अगदी थोडा कापूस गुंडाळा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळा, प्लेअर बंद करून आत हलकेच फिरवा आणि वाळू द्या. बहुतेक वेळा दुसरा कान परत येतो. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. तांदळात ठेवू नका, तांदळाची पूड त्याच भोकात जाते. आणि चार महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा. पूर्ण उतरलेला लिथियम सेल तसाच पडून राहिला तर बरेचदा पुन्हा उठत नाही. पाठ फुगलेली दिसली तर दाबू नका, चार्जिंगला लावू नका.

सगळ्यात जास्त मी आयेच्या प्लेअरमुळे शिकलो. तिला डबलबारी लागते, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना. आमच्या देवळात झालेल्या बाऱ्या मी बुवांना विचारून रेकॉर्ड करतो, त्या एकेक तीन-तीन तासांच्या. १२८ केबीपीएस बिटरेटची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटची, एमपी३ केली की मिनिटाला जेमतेम एक एमबी लागतो, म्हणजे तीन तासांची बारी पावणेदोनशे एमबीच्या आत बसते. ८ जीबीच्या कार्डात १३०हून जास्त तास मावतात. बोलण्या-गाण्याच्या अशा रेकॉर्डिंगला यापेक्षा मोठी फाइल केली तरी एवढ्याशा इअरफोनवर मला फरक जाणवलेला नाही. जागेचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो प्लेअर बंद केल्यावर जागा विसरण्याचा. आये निम्मी बारी ऐकून चुलीकडे जायची, परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चार दिवस तिने निम्मीच बारी ऐकली आणि मला काही बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "समोरच्या बुवाचा काय झाला ता कळताच नाय."

मग मी संगणकावर प्रत्येक बारीचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले. त्यांना १, २, ३ अशी नावं दिली तर १ नंतर १० वाजायचा, म्हणून ०१, ०२ दिली. तरीही क्रम चुकला. पुष्कळ शोधल्यावर कारण सापडलं: बरेच स्वस्त प्लेअर नाव पाहतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फाइल लिहिली गेली त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड आधी पूर्ण रिकामं करायचं, मग तुकडे ओळीने, एकामागून एक चढवायचे. हे एवढं केलं की सुरळीत. बिटरेट सतत बदलणाऱ्या फाइलीही टाळा, त्यांत वेळ चुकीची दिसते आणि पुढे सरकवलं की भलतीकडेच जातं.

देवनागरी नावांच्या जागी तर तिच्या प्लेअरवर नुसते चौकोन येतात. रोमन तिला वाचता येत नाही. मग फोल्डरना फक्त आकडे दिले आणि देवघराच्या भिंतीवर कागद चिकटवला: १ आरत्या, २ डबलबारी, ३ दशावतार, ४ जात्यावरच्या ओव्या. ओव्या तिच्या स्वतःच्याच, मी फोनवर रेकॉर्ड केलेल्या. त्या ती सहसा लावत नाही. मावशी आली की मात्र दोघी चार नंबर लावतात आणि बरोबरीने म्हणतात. फोन तिने कधी हातात धरला नाही. प्लेअरबद्दल म्हणते, "बोटाक बटान गावला की झाला."

तेव्हा कोणता घ्यावा? अ‍ॅपलने २०२२ साली शेवटचा आयपॉड बंद केला, त्यामुळे हा प्रकारच संपला असं अनेकांना वाटतं. संपलेला नाही. छापाचं नाव पाहू नका, बटणं पाहा. दाबून पाहा, डोळे मिटून दाबून पाहा. कार्डाची खाच आणि साधं इअरफोनचं भोक हवंच. पैसे वाचवायचे तर प्लेअरवर वाचवा, कार्डावर नाही. माझ्या एका भावाने ६४ जीबी म्हणून घेतलेलं कार्ड प्रत्यक्षात ८ जीबीचं निघालं. पुढची गाणी चढलेली दिसत होती, पण वाजत नव्हती. कार्ड घेतल्याच दिवशी काठोकाठ भरा आणि शेवटी चढवलेलं गाणं वाजवून बघा. ३२ जीबीपर्यंतचंच घ्या, त्यापुढची कार्डं यातले बरेच प्लेअर ओळखत नाहीत. चार्जिंगचं भोक टाइप सीचं असेल तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने कित्येकदा चार्जच होत नाही, मग माणूस प्लेअर बिघडला समजून फेकतो. एका टोकाला सी आणि दुसऱ्याला जुनं चौकोनी टोक असलेली केबल लावून पाहा.

रोज नवी गाणी लागत असतील आणि दिवसभर रेंजमध्ये असाल, तर घेऊ नका, तुमचं फोनवर भागतं. पण कोकण रेल्वेने येताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाणं अर्ध्यावर तुटलं की ज्यांना चुटपुट लागते, त्यांनी जरूर घ्यावा.

गणपतीला याल तेव्हा कार्ड रिकामं करून आणा. डबलबाऱ्या माझ्याकडे अठ्ठावीस आहेत, तुकडे करून, ओळीने लावलेल्या. एक कार्ड भरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात चहा होतो.