भोपळ्याला फुलं दिसली की युरिया थांबवा

लाल भोपळ्याच्या वेलावर आधी नर फुलं येतात, मादी फुलं साधारण आठ-दहा दिवसांनी. नुसती नर फुलं बघून घाबरून युरिया टाकू नका. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की वेल आणि पानं माजतात, मादी फुलं लांबतात. युरियाचा शेवटचा हप्ता वेल पसरू लागताना द्यावा: वेलाला 10 ग्रॅम, खोडापासून वीतभर लांब, आळ्यात गोल पसरून, लगेच पाणी.

कळ्या दिसल्या की 0:52:34 (पाण्यात विरघळणारं खत; आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) पाच ग्रॅम आणि बोरॉन (20 टक्के) एक ग्रॅम प्रति लिटर, एकच फवारणी. बोरॉनमुळे परागनलिका (परागकणातून फुटणारी, फलधारणा घडवणारी नळी) नीट वाढते. मात्रा वाढवली तर मात्र पानांच्या कडा करपतात. फवारणी संध्याकाळीच करा. फुलं पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात आणि सकाळी मधमाश्या कामावर असतात.

मादी फुलामागचं बारकं फळ पिवळं पडून गळतंय? बहुतेक वेळा ते परागीभवन न झाल्यामुळे. खत ओतून उपयोग नाही. सकाळी नऊच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पराग मादी फुलावर हलकेच टेकवा.

फळ लिंबाएवढं झालं की 13:0:45, पाच ग्रॅम प्रति लिटर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा.