समुद्रसपाटीखाली साडेनऊ तास

विमान धावपट्टीला टेकलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते, पण टर्मिनल काही येईना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, विमान आपलं चालतंच आहे. मग खिडकीतून दिसलं की आम्ही एका पुलावरून जातोय आणि खालच्या महामार्गावरून मोटारी पळतायत. बाबांनी माझा हात धरून हलवला. "अगं, विमानाखालून रस्ता!"

ही अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची पोल्डरबान धावपट्टी. २००३ साली सुरू झालेली, ३,८०० मीटर लांब, आणि लोकवस्तीला आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून मुद्दाम लांब बांधलेली. तिथे उतरलात तर टर्मिनलला पोचायला वेळ लागतो. पुढचं विमान घाईचं असेल तर हा वेळ हिशेबात धरायला हवा.

आम्हाला घाई नव्हती. मे २०१९ मधली गोष्ट. बहिणीकडे एडिंबराला निघालो होतो आणि पुढचं विमान दुपारी साडेचारला होतं. परतीच्या वाटेवर तिच्याबरोबर पॅरिस करायचं ठरलं होतं, म्हणून आमच्याकडे एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा व्हिसा, होता. तो नसता तर बाहेर पडताच आलं नसतं. व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ते बघाच.

साडेनऊ तास ऐकायला भरपूर वाटतात. त्यातून उतरणं, पासपोर्टची रांग, तोंड धुणं आणि हातातल्या बॅगा लॉकरमध्ये टाकणं यांचे दोन तास काढा. परत आल्यावर सुरक्षा तपासणी आणि पुन्हा पासपोर्ट यासाठी तीन तास राखून ठेवा. हातात उरतात ते साडेचार. मोठं सामान मुंबईहून थेट एडिंबराला गेलं होतं, ही मोठीच सोय.

एवढ्या वेळात बहुतेक जण अ‍ॅमस्टरडॅम शहरात जातात. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे आणि पाऊण-एक तास नाही, जेमतेम पंधरा-सतरा मिनिटांत गाडी मध्यवर्ती स्टेशनला पोचवते. कालव्यांतून बोटीने फिरून आरामात परत येता येतं. पहिल्यांदाच येत असाल तर जरूर तेच करा. मी मात्र दुसरं ठरवून ठेवलं होतं, आणि ते बाबांसाठी.

बाबांनी तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. सुरुवातीची वर्षं पेणला, खारलँडच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून जमीन राखण्याच्या कामावर. खाडीच्या कडेचे बांध, उघाड्या म्हणजे बांधातली पाण्याची दारं, भरतीला बांधाला गेलेली खांड, म्हणजे भगदाड, आणि ती बुजवायला रात्रीच जमलेलं गाव, हे ऐकतच आम्ही बहिणी वाढलो. आणि स्किपोल हा विमानतळ एका तळ्याच्या तळाशी आहे. समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली. विमानात मी त्यांना एवढंच सांगितलं होतं. ते रात्रभर नीट झोपले नाहीत.

सव्वानऊला बस पकडली. रोख पैसे चालत नाहीत, तिकीट कार्डाने. हूफडॉर्पला बस बदलून क्रुकियुसला उतरलो. तिथून थोडं चालल्यावर बांधावर एक गोल, किल्ल्याच्या बुरुजासारखी विटांची इमारत दिसते. तिच्या कमानदार खिडक्यांतून लोखंडी तुळया चहूकडे बाहेर आलेल्या.

बाबा इमारतीकडे गेलेच नाहीत. ते बांधावर उभे राहिले. एका बाजूला काठोकाठ भरलेला कालवा, दुसऱ्या बाजूला शेतं. पाणी वर आणि जमीन खाली. ते एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मग खाली वाकून त्यांनी बांधाच्या उतारावरचं गवत हाताने चाचपलं. "दगडांचं पिचिंग नाही गं इथे. नुसतं गवत. पण किती दाट राखलंय बघ."

या जागी पूर्वी हार्लेमरमेर नावाचं सरोवर होतं, सुमारे १८० चौरस किलोमीटरचं. वारा सुटला की लाटा काठ खात सुटायच्या आणि सरोवर दरवर्षी पसरायचं. डच लोक त्याला 'पाण्याचा लांडगा' म्हणायचे. यान लेखवाटर नावाच्या माणसाने सतराव्या शतकातच १६० पवनचक्क्या लावून ते उपसायची योजना मांडली होती. झालं काहीच नाही. मग १८३६ च्या नोव्हेंबरात एका वादळाने सरोवराचं पाणी अ‍ॅमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत नेलं आणि डिसेंबरमधल्या दुसऱ्या वादळाने लायडन शहराच्या सखल भागात घुसवलं. त्यानंतर तीन वर्षांत सरोवर कोरडं करायचा कायदा झाला.

हे मी बाबांना फलकावरून वाचून दाखवत होते. ते म्हणाले, "पानशेत फुटलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो." १२ जुलै १९६१. आमचं घर तेव्हा नारायण पेठेत होतं. पुढे ते काही बोलले नाहीत, आणि मीही वाचायची थांबले.

आधी सरोवराभोवती सुमारे साठ किलोमीटरचा कालवा खणला. आम्ही ज्याच्या काठी उभे होतो तोच हा. मग तीन ठिकाणी वाफेवरचे पंप बसवले. त्यांतलाच एक हा क्रुकियुस. आतल्या इंजिनाचा मोठा सिलिंडर १४४ इंच व्यासाचा, म्हणजे बारा फूट! तो इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये ओतून इथे आणला. आठ तुळया, आठ पंप. एका झटक्याला ६४,००० लिटर पाणी वर, मिनिटाला पाच झटके. १८४९ ते १८५२ या काळात या तीन केंद्रांनी सुमारे ८० कोटी घनमीटर पाणी उपसलं.

बाबांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि उभ्या उभ्या भागाकार केला. "सव्वाअठ्ठावीस टीएमसी," ते म्हणाले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. मग माझ्याकडे बघून, "म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही. काठोकाठ भरलेली." पुण्यात वाढलेल्या कुणालाही तो आकडा सांगावा लागत नाही. दर पावसाळ्यात पेपरात वाचतो आपण, एकोणतीस टीएमसी. तेवढं सगळं पाणी कोळसा जाळून, सव्वातीन वर्षांत, बांधापलीकडे टाकलं.

यंत्र १९३३ साली थांबलं. आता ते वाफेवर नाही, तेलाच्या दाबावर फिरवून दाखवतात. आम्ही होतो तेव्हा फिरवलं. आवाज फारच कमी. खाली पिस्टन उतरला आणि बाहेर आठही तुळया एकाच वेळी मान हलवल्यासारख्या हलल्या. बाबा खिडकीपाशी आणि सिलिंडरपाशी आळीपाळीने धावत होते. बहात्तर वर्षांचा माणूस! तिथल्या वयस्कर स्वयंसेवकाला इंग्रजी बरं येत होतं, बाबांचंही कामापुरतं आहे. पण दोघांनी अर्धं बोलणं हातांनी केलं. बाबांनी डायरीत उघाडीचं चित्र काढून दाखवलं. भरती आली की दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, पंप लागत नाही. त्या गृहस्थांनी आपला चष्मा काढला, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि खाली त्याच जातीच्या डच दाराचं चित्र काढलं. ते पान अजून आमच्याकडे आहे.

सव्वाबाराला निघालो. बाहेरच्या चहाघरात बसायचं राहिलं, कारण बसची वेळ चुकवून चालणार नव्हतं.

पासपोर्टच्या रांगेत पाऊण तास गेला. तरीही तास-दीड तास शिल्लक होता. टर्मिनलच्या आतच, हॉलंड बुलेव्हार्ड नावाच्या भागात, राइक्सम्यूझियम या डच राष्ट्रीय संग्रहालयाचं छोटं दालन होतं, २००२ पासूनचं, प्रवेश फुकट. शेजारी २०१० साली उघडलेलं वाचनालय. तिथल्या खुर्चीत बाबा डायरी मांडीवर घेऊन बसले आणि बसल्या बसल्या झोपले. मी एकटीच चित्रं बघून आले.

साडेचारला विमान निघालं. खिडकीची जागा मी त्यांना दिली होती. १९१६ साली इथे पहिलं विमान उतरलं तेव्हा तळं कोरडं होऊन चौसष्ट वर्षंच झाली होती, असं काहीतरी मी सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते काचेवर बोट ठेवून त्या कालव्याची चकाकती रेघ गिरवत होते. ढग आले तेव्हा बोट तिथेच राहिलं.