आमची वाटचाल : लग्नाला आलेल्या पाहुण्यांना कोल्हापूर दाखवताना

आमच्या व्यवसायाची सुरुवात वडिलांच्या एका जीपने झाली. कोल्हापूर ते पन्हाळा या रस्त्यावर ती वडाप म्हणून, म्हणजे वाटेतले प्रवासी घेत, चालत असे आणि लग्नसराई आली की वऱ्हाड कार्यालयापर्यंत पोहोचवण्याची भाडी मिळत. मी वडिलांच्या हाताखाली गाडी शिकलो तेव्हाच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. मुंबई, बडोदा, इंदूर, नागपूर अशा ठिकाणांहून आलेले पाहुणे लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा रात्रीच्या बसने उतरत, अंघोळ-नाश्ता उरकून कार्यालयातल्या खोलीत बसत आणि संध्याकाळच्या सीमांतपूजनापर्यंत त्यांना करण्यासारखे काही नसे. यजमान हळद, रुखवत आणि आचारी यांच्यात गुंतलेले असत, त्यामुळे त्यांना विचारण्याचा संकोच वाटे. अखेर कोणीतरी खाली येऊन आम्हालाच विचारत असे, "दादा, इथे जवळपास बघण्यासारखे काय आहे?"

त्या प्रश्नाचे नीट उत्तर देणे हाच आज आमचा व्यवसाय आहे. वडिलांच्या जीपनंतर सतरा आसनांची एक ट्रॅव्हलर आली, मग दुसरी आली. चौकशीचे फोन आणि हिशेब माझी पत्नी पाहते. लग्नघरांशी आमचे जे संबंध जुळले, ते बहुतेक तिच्या बोलण्यामुळे जुळले, हे मी येथे आवर्जून नमूद करतो.

पाहुण्यांना फिरवणे आणि पर्यटकांना फिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आम्हाला एका चुकीने शिकवले. ट्रॅव्हलर घेतल्यानंतरचा तो दुसरा हंगाम होता. मुलीकडची मंडळी परगावची होती आणि मुहूर्त दुपारी साडेबाराच्या सुमाराचा होता. सकाळी साडेसहाला निघून जोतिबाचे दर्शन घ्यावे, तसेच पुढे पन्हाळा पाहावा आणि अकरापर्यंत परतावे, असा बेत मी आखला. कागदावर तो बरोबर होता, कारण दोन्ही ठिकाणे शहरापासून सुमारे वीस किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. पण तो माघातला रविवार होता. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात आणि हजारो भाविक कोल्हापुरातून डोंगराकडे चालत निघतात, ही गोष्ट इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मला ती ठाऊक असूनही मी ती हिशेबात धरली नाही. परतीच्या वाटेवर घाटात गाडी अडकली आणि आम्ही कार्यालयाच्या दारात पोहोचलो तेव्हा आत मंगलाष्टके सुरू झाली होती. आमच्या गाडीत वधूचे सख्खे मामा होते. "मामांनी मुलीला घेऊन यावे" असे गुरुजींनी पुकारले तेव्हा दुसऱ्याच कोणा नातेवाइकाने तिला बोहल्यावर आणले होते. मामा दाराशीच थांबले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर जोतिबाचा गुलाल तसाच होता. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. मी भाड्याचे पैसे घेतले नाहीत, पण ती पैशाने भरून निघणारी गोष्ट नव्हती.

त्या दिवसापासून आमची पहिली चौकशी मुहूर्ताची असते आणि दुसरी मानाच्या माणसांची असते. मामा, मावशी, आत्या, करवली, हळदीला लागणाऱ्या सुवासिनी यांची नावे आम्ही यजमानांकडून लिहून घेतो आणि लग्नाच्या दिवशी त्यांना गाडीत घेत नाही, मग त्यांनी कितीही आग्रह केला तरी नाही. लग्नाच्या दिवशी शहराबाहेर कोणालाच नेत नाही. गोरज मुहूर्त असला तरी हा नियम मोडत नाही.

लग्नाच्या सकाळी मोजके दोन तास हाताशी असतात आणि त्यांना पुरेल इतके कोल्हापुरात पुष्कळ आहे. पहाटे उठणाऱ्यांना आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला नेतो, कारण उशिरा गेले की रांगेत किती वेळ जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. देवी पश्चिमाभिमुख आहे आणि 9 ते 11 नोव्हेंबर तसेच 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी ती चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात, आकाश निरभ्र असेल तर. हे किरणोत्सव काही वर्षी लग्नाच्या तिथींच्या दिवसांत येतात, म्हणून त्या तारखांना कार्य असेल तर आम्ही यजमानांना आधीच कल्पना देतो. मंदिरातून बाहेर पडल्यावर भवानी मंडप चालत गाठता येतो. तिथून जवळच खासबाग मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेले हे कुस्तीचे मैदान रिकामे असतानाही पाहण्यासारखे आहे, कारण मधला तांबड्या मातीचा हौदा आणि भोवतीची उतरती बैठक पाहिल्यावर कोल्हापूरला कुस्तीची पंढरी का म्हणतात ते सांगावे लागत नाही.

स्त्रियांचा कल बहुधा गुजरीकडे, म्हणजे सराफ बाजाराकडे असतो. लग्नाला आलेली बाई कोल्हापुरी साज पाहिल्याशिवाय परत जाऊ इच्छित नाही आणि त्यात गैर काहीच नाही. चपलांबाबत मात्र आम्ही एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी त्या नावाने रेक्झिनचा मालही सर्रास विकला जातो, म्हणून चामड्याचा वास घ्यावा, तळ आणि वेणी हाताने पाहावी आणि नवी चप्पल लग्नात घालू नये. ती पायाला बसायला काही दिवस लागतात आणि अक्षतांच्या वेळी लंगडणारे पाहुणे मी पाहिले आहेत.

खाण्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. तांबडा-पांढरा रस्सा प्रत्येकालाच हवा असतो, परंतु आदल्या रात्री तो नको, असे माझे ठाम मत आहे. प्रवासाने थकलेल्या पोटाला तो सोसत नाही आणि दुसऱ्या दिवशी पंगतीत बसलेला माणूस जिलेबीला हात लावत नाही. लग्न पार पडल्यावर, निघण्याच्या आधी रस्सा खावा. आदल्या संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ खावी आणि पुढे गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेल्या म्हशीचे धारोष्ण दूध प्यावे.

गंगावेशीवरून एक प्रसंग आठवतो. बडोद्याहून आलेल्या एका आजींना आम्ही न्यू पॅलेस दाखवायला निघालो होतो. 1884 मध्ये पूर्ण झालेल्या त्या राजवाड्याची माहिती मी गाडीत सांगू लागलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तो मी पाहिलाय रे. मी इथलीच. लग्न होऊन गेले, ती आज येतेय." मग त्यांनी गाडी गंगावेशीकडे घ्यायला सांगितली. आपली गल्ली त्यांना ओळखू आली नाही, कारण वाड्याच्या जागी चार मजली इमारत उभी होती. पण दूध पिळणाऱ्या गवळ्याजवळ त्या थांबल्या, फेसाने भरलेला पेला दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्यांनी तो तोंडाला लावलाच नाही. गाडीतल्या नातसुनांना तोवर आजींचे माहेर कोणते तेही नीट माहीत नव्हते. त्या दिवशी राजवाडा राहून गेला. तेव्हापासून पाहुण्यांच्या यादीत कोणी मूळचे कोल्हापूरचे आहे का, हे आम्ही विचारतो, आणि असेल तर त्यांची शाळा, तालीम किंवा गल्ली हीच त्यांची सहल ठरवतो.

लग्नानंतरचा दिवस मोकळा असतो आणि तेव्हाच आम्ही लांब जातो. पन्हाळ्यावर सारे काही दाखवण्याचा हट्ट आम्ही सोडून दिला आहे. तीन दरवाजा, अंधारबाव आणि गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याची धान्याची कोठारे निवांतपणे पाहिली आणि जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे कसे निसटले ते गडावर उभे राहून ऐकले, की झुणका-भाकरीला चव येते. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातल्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळ्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून परराज्यातले पाहुणेही त्याचे नाव घेऊन येतात, याचा आम्हाला आनंद होतो.

गुडघे दुखणाऱ्या मंडळींना मी गडाऐवजी पूर्वेकडचा रस्ता सुचवतो. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि दत्ताच्या पादुका आहेत, बासुंदी आणि कवठाची बर्फी आहे, आणि तिथून पुढे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. तिथल्या स्वर्गमंडपाला मध्ये छत नाही. वर वर्तुळाकार मोकळे आकाश आणि खाली तेवढीच गोल शिळा, आणि भोवती कोरीव खांब. बारा खांबांच्या आतल्या वर्तुळात वृद्ध मंडळी बसून राहतात आणि उठायला तयार नसतात, म्हणून तिथे मी घाई करत नाही.

मुलांसाठी थंडीतले गुऱ्हाळ याहून चांगली जागा मला माहीत नाही. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळत असतो, भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढली जाते आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते पाहतो. ती वळली की एका क्षणाचाही उशीर चालत नाही. सगळे गडी मिळून काहील उचलतात आणि वाफ्यात ओततात. अमेरिकेतून आलेला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा हे पाहून गुळव्याच्या मागेमागे दिवसभर हिंडला होता. फक्त काहिलीजवळ मुलांचा हात धरून उभे राहावे लागते, ही जबाबदारी आमचा माणूस घेतो.

मधली काही वर्षे कठीण गेली. 2019 चा महापूर झाला, 2020 मध्ये लग्नाला पन्नास माणसांची आणि पुढच्या वर्षी पंचवीस माणसांची मर्यादा आली, तेव्हा फिरवायला पाहुणेच उरले नव्हते. एक ट्रॅव्हलर विकावी लागली. चालकांना मात्र आम्ही सोडले नाही. त्यांतल्या दोघांनी भाजीपाला वाहिला आणि हंगाम परतल्यावर ते पुन्हा आमच्याकडे आले.

आता लग्नाची तारीख ठरल्यावर यजमान आम्हाला मुहूर्त, कार्यालयाचे ठिकाण, मानाच्या माणसांची नावे, पाहुण्यांच्या गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा आणि कोणाला जिने चढवत नाहीत एवढे कळवतात. त्यावरून पत्नी एका पानाचा मराठी तक्ता तयार करते. त्यात कोणत्या वेळी कुठे जायचे, किती वेळ थांबायचे आणि कार्यालयात परत किती वाजता यायचे ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि सीमांतपूजनाच्या आधी तो प्रत्येक खोलीच्या दारावर लावला जातो.