वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास: टाके सुकल्यानंतरचं काम

बायपासची चौकशी करणारे बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: किती किलो उतरेल आणि खर्च किती येईल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ऑपरेशन दीड-दोन तासांचं, दवाखान्यातला मुक्काम दोन-तीन दिवसांचा, आणि गोळ्या, तपासण्या, जेवणाची शिस्त मात्र जन्मभराची. ती पाळायची तयारी असेल तरच या वाटेला जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पोटात नेमकं काय करतात ते आधी समजून घ्या. दुर्बिणीतून जठराचा अगदी वरचा भाग स्टेपलरने वेगळा करून सुमारे 30 मिलीची पिशवी बनवतात. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक वर आणून या पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आणणारं दुसरं टोक साधारण 100 ते 150 सेंटिमीटर खाली पुन्हा आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त त्यातून अन्न जात नाही. पुढे साध्या एंडोस्कोपीने ते बघता येत नाही, म्हणून ऑपरेशनआधीची एंडोस्कोपी टाळू नका. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो, पण नावावरून ते किरकोळ समजू नका. त्यातही पोषणाच्या कमतरता होतात, कधी कधी जास्तच.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, भरपूर प्रथिनांचा पातळ आहार देतात. वजन आधीच उतरावं हा त्याचा मुख्य हेतू नसतो. चरबीने सुजलेलं यकृत आक्रसलं की सर्जनला जठरापर्यंत नीट पोहोचता येतं. तंबाखू, विडी, गुटखा किमान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतर कायमचा बंद. निकोटिनमुळे जोडाच्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथे अल्सर होतो. मिश्रीसुद्धा यातच आली. ती लावतो असं कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

जेवण टप्प्याटप्प्याने वाढतं: पहिले दोन आठवडे पातळ, पुढे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. नेहमीचं म्हणजे अर्धी वाटी घट्ट वरण, पनीरचे दोन-तीन तुकडे किंवा एक उकडलेलं अंडं, आणि शेवटी जागा उरली तर चमचाभर भात. घास लहान, पंचवीस-तीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा घास. उचकी लागली, नाक गळायला लागलं किंवा छातीच्या हाडामागे दाटल्यासारखं झालं की पिशवी भरली. तिथेच थांबायचं, "एवढंच राहिलंय" म्हणून संपवायचं नाही. पाणी जेवणाबरोबर नको. आधी आणि नंतर अर्धा तास सोडून दिवसभर घोट घोट करून दीड-दोन लिटर प्यायचं.

प्रथिनं रोज 60 ते 80 ग्रॅम लागतात. हिशोब करून बघा: दोन अंडी 12, शंभर ग्रॅम पनीर 18, अर्धा लिटर दूध 16, वाटीभर घट्ट डाळ 7. एवढं सगळं खाऊनही 53 च होतात. म्हणून पहिले काही महिने प्रोटीन पावडर बहुतेकांना लागतेच, आणि अंडं न खाणाऱ्यांना तर हमखास. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरताना ते होतंच, पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर जास्त गळतात.

नाशिककरांचा हमखास प्रश्न मिसळीचा. काही महिन्यांनी मऊ शिजलेली मटकी चावून खाल्ली तर चालते. अडचण तर्रीवरच्या तेलाची आणि त्याहून पावाची: पाव ओला होऊन त्याचा गोळा अडकतो. साबुदाण्याची खिचडीही तशीच चिकट. निर्जळी उपवास तर करूच नका. उसाचा रस, द्राक्षाचा रस, जिलेबी यांनी दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते. हंगामात चार-पाच द्राक्षं चावून खा, घोस घेऊन बसू नका. दारू आणि वाइन रक्तात फार लवकर चढते, थोडीशीही. गाडी चालवायचा विचारही नको.

गोळ्या आयुष्यभर: मल्टिव्हिटॅमिन, बी12, डी3, लोह आणि कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेटच घ्यावं, कारण कार्बोनेट पचायला आम्ल लागतं आणि ते आता कमी मिळतं. दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम, एका वेळी 500-600 पेक्षा जास्त नाही, आणि लोहापासून दोन तास दूर. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणारे पुढे रक्तक्षय आणि हातापायांच्या मुंग्या घेऊन येतात. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि गोळ्यांचे डोस पहिल्या काही दिवसांतच कमी करावे लागतात, जुन्या चिठ्ठीवर चालू ठेवू नका.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती उशिरा येणाऱ्या संकटांची. पहिल्या दहा दिवसांत नाडी 120 च्या वर, ताप, दम किंवा डाव्या खांद्यात दुखणं म्हणजे जोडातून गळती असू शकते. तेव्हा सगळे सावध असतात. महिन्या-दीड महिन्याने सतत उलट्या झाल्या तर जोड अरुंद झालेला असू शकतो. अशा वेळी ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन (बी1 जीवनसत्त्व) द्यायलाच हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि वर्षा-दोन वर्षांनी जेवणानंतर लाटांसारखी कळ आली तर आतडं ऑपरेशनमुळे पोटात राहिलेल्या फटीत अडकलेलं असू शकतं. सोनोग्राफी, एक्स-रे नॉर्मल येऊ शकतात, ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं, आणि काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सीटी स्कॅन मागा, आणि तो नॉर्मल येऊनही कळ थांबत नसेल तर बॅरिएट्रिक (वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनला दाखवाच.

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या पेशंटला रात्री शहर गाठायला वेळ लागतो, आणि पहिला डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतो. नुसतं "बायपास झालंय" म्हटलं तर तो हृदयाचं समजेल. म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक छापील प्रत पाकिटात. तिच्यावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, सर्जनचा नंबर, आणि ठळक अक्षरांत तीन सूचना: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत (पॅरासिटामॉल चालेल); नाकातून नळी अंदाजाने घालू नये; उलट्या असतील तर आधी थायमिन. बाई असेल तर चौथी सूचना हवी: पहिले 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायची, त्यासाठी नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबायचं नाही, आणि पुढे दिवस गेले तर ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी करायची नाही. घरी रोज ग्लुकोमीटरने साखर मोजून काम भागतं.