बाबा, गवत आणि गोचीड

बाबा अख्खा जुलै ताईकडे कनेक्टिकटला राहून आले. परत आल्यावर तीन आठवड्यांनी पार्ल्याच्या स्टेशनच्या ब्रिजवर चढताना मधेच कठडा धरून उभे, म्हणे डोळ्यापुढे अंधारी आली. आम्ही आधी जेटलॅग म्हटलं, मग उकाडा, मग वय, जे सुचेल ते. घरच्या बीपी मशीनवर पल्स ३८, तर आईने मशीनचे सेल बदलले! तरी ३८च.

ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला. नळ्या तुंबतात तो ब्लॉकेज नाही हां, हे नातेवाईकांना फोनवर सांगून सांगून माझा घसा बसला. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा करंटच नीट पोचत नव्हता, सकाळी नुसता उशिरा पोचत होता, संध्याकाळपर्यंत कनेक्शनच तुटलं. वय ६८, म्हणजे कायमचा पेसमेकर, खर्चाचा कागदही हातात आलेला.

रात्री राउंडला एक पोरगेलासा रेसिडेंट आला, म्हणाला काका एवढ्यात कुठे बाहेर गेला होतात का. झालं, बाबा सुरू. लेकीचं घर, मागे जंगल, हरणं पार अंगणात येतात, मी रोज हाफ पँटवर गवत कापायचो, आणि हो, गुडघ्यामागे एक तांबडा चट्टा उठलेला, दुखत नाही खाजत नाही, नुसता पसरत चाललेला, रोज कैलास जीवन चोपडलं आणि गेला. तो चट्टा तसाही आपोआप जातो हे नंतर कळलं.

लाइम डिसीज. नावसुद्धा कनेक्टिकटमधल्याच लाइम गावावरून पडलंय. बोरेलिया नावाचा जंतू गोचीड चावून अंगात शिरतो, आणि पिल्लू गोचीड असते खसखशीच्या दाण्याएवढी, दिसणार कशी. हार्टपर्यंत शंभरात एखाद्याच्याच जातो, तो एखादा नेमका आमच्याकडे. आईचं एकच पालुपद, "गोचीड गुरांना लागते, माणसाला कशी लागेल?" माहेर दोडामार्गचं, तिकडे माकडताप पसरतो तो गोचिडीमुळेच, तरी हे!

ब्लड रिपोर्टची वाट न बघता शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि ठोके चालू ठेवायला मानेतून तात्पुरती पेसिंगची वायर टाकली. सहाव्या दिवशी वायर निघाली. एकूण २१ दिवसांचा कोर्स, शेवटी शेवटी घरी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. पेसमेकर लागलाच नाही.

बाबा म्हणतायत पुढच्या वर्षी पँट मोज्यात खोचून गवत कापणार. ती हाफ पँट आईने परवाच बोहारणीला दिली, ते अजून शोधतायत.