कुडी, बुगडी, हेडफोन

हेडफोन विजेच्या वस्तूंच्या दुकानात मिळत असला, तरी तो निवडायला जाताना सोनाराकडे जायच्या तयारीने जावं, असं माझं मत आहे. घरी वापरायचा असेल तर गोष्ट वेगळी. दिवा मालवून पलंगावर आडवं झाल्यावर डोक्यावर काय आहे ते बघायला कोण येतंय? पण रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या बाईच्या कानावर जे बसतं, ते चारचौघांत दिसतं आणि चांगलं तासभर दिसतं. ते आधी शोभलं पाहिजे, मग वाजलं पाहिजे. हा क्रम ऐकला की आमच्या घरचे ध्वनितज्ज्ञ, म्हणजे माझा धाकटा दीर, कपाळाला हात लावतात. ‘वहिनी, ड्रायव्हर किती मिलिमीटरचा आहे ते तरी बघ!’ बघते ना, आवाज काढणारी ती आतली चकतीही बघते. पण आधी आरशात बघते.

आणि बाईचा कान काही रिकामा नसतो. तिथे वस्ती आधीच झालेली असते. पाळीत कुडी किंवा झुमका, वरच्या कडेला हौस असेल तर बुगडी, सणासुदीला वेल. मोठ्या गाद्यांचा, अख्खा कान झाकणारा हेडफोन घातला की झुमका आत अडकतो आणि मान हलवली की गालावर टकटक करत राहतो. कान न झाकता नुसता कानावर टेकणारा घेतला तर त्याहून वाईट. तो कुडीला मागे रेटतो आणि तिची फिरकी कानामागच्या कातडीत रुतते. मुलुंडपर्यंत काही कळत नाही, घाटकोपरला कान गरम होतो, दादर येईस्तोवर माणूस संगीतावरच रुसतो. बुगडीवाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. सगळा दाब नेमका तिथेच येतो. पुरुषांना वाटतं आपण यातून सुटलो, पण भिकबाळी मिरवणाऱ्या एका पुणेकर सहकाऱ्याला मी एकाच बाजूचा हेडफोन सारखा वर-खाली सरकवताना पाहिलेलं आहे.

एवढ्या भानगडी असूनही लोक डोक्यावर काहीतरी चढवून घराबाहेर पडायला लागले, ते मुळात ती वस्तू हलकी झाली म्हणून. १९१० च्या सुमारास अमेरिकेत युटामधल्या नथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन जुळवून ते नौदलाला पाठवले, तेव्हा ते शोभतात का हे विचारायचं कुणाला कारण नव्हतं. पुढे १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी घरी बसून स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन आणले, पण तेही खुर्चीत बसून ऐकायचे. खरी उलथापालथ १ जुलै १९७९ ला झाली. जपानमध्ये सोनीचा वॉकमन, म्हणजे चालता-फिरता ऐकायचा कॅसेट प्लेअर, विक्रीला आला, किंमत ३३,००० येन. सगळ्यांनी कौतुक केलं ते त्या निळ्या-चंदेरी डबीचं. मला विचाराल तर खरी करामत तिच्याबरोबरच्या हेडफोनची होती. तोवरचे हेडफोन ३००-४०० ग्रॅमचे असायचे. हा ५० ग्रॅमच्या आसपास, पत्र्याची बारीक पट्टी आणि दोन टोकांना फोमच्या टिकल्या. तो घालून माणूस धावू शकत होता, आणि मुख्य म्हणजे धावताना बावळट दिसत नव्हता.

त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण. बटण दाबलं की गाणं मंद व्हायचं आणि डबीतल्या मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांनी लिहून ठेवलंय की त्यांनी नमुना घरी नेऊन ऐकला, तेव्हा आपण वगळले गेलो म्हणून त्यांच्या पत्नी नाराज झाल्या. एकट्यानेच ऐकणं हा उद्धटपणा ठरेल अशी मोरितांना धास्ती पडली, म्हणून ही सोय. लोकांना मात्र त्या उद्धटपणाचं काही वाटलं नाही. बटण पुढे गायब झालं. आज महागड्या हेडफोनमध्ये ‘ट्रान्सपरन्सी मोड’ म्हणून मिरवतात तो हाच प्रकार, फक्त आता त्याचे वेगळे पैसे पडतात.

म्हणजे कानात काहीतरी घालणं हा पहिल्यापासून दोन माणसांमधला मामला आहे. लेडीज डब्यात तर तो फारच कळतो. मोठा हेडफोन घातलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ असं कुणी तोंडाने विचारत नाही, खांद्यावर दोन बोटं ठेवतात. वायरवाले इयरफोन असले की निदान दिसतं, मग हाताची खूण होते. आणि केसांखाली दडलेले ते पांढरे बिनवायरचे दाणे असले की घोटाळा ठरलेला. शेजारीण पाच मिनिटं आपल्या सुनेबद्दल सांगते, आपण खिडकीबाहेर बघत असतो, आणि नंतर तिला कळतं की आपण काहीच ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर बसते. तेव्हा दिसणं ही नुसती मिरवण्याची गोष्ट नाही. हेडफोन दिसला तर समोरचीला कळतं की आत्ता बोलायचं की नाही. दडवून ऐकण्यापेक्षा ठळक लाल रंगाचा घातलेला बरा.

आता ते बहुचर्चित नॉइज कॅन्सलेशन. त्याचा उगम आकाशात झाला. ‘बोस’ कंपनीचे संस्थापक अमर बोस हे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारक वडिलांचे चिरंजीव. १९७८ मध्ये झ्युरिकहून बॉस्टनला येताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीमुळे त्यांना गाणं नीट ऐकू येईना, आणि तिथेच त्यांनी आकडेमोड सुरू केली. वैमानिकांसाठीचा हेडसेट यायला १९८९ उजाडलं, तुमच्या-आमच्यासाठीचा २००० मध्ये आला. युक्ती अशी, की बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. संथ, जाड, एकसुरी आवाजावर हे छान चालतं. अचानक आलेल्या किंवा चढ्या आवाजावर फारसं चालत नाही. विमानात एकसुरी घरघरच असते, तिथे पैसे वसूल. लोकलमध्ये गाडीची घरघर जाते आणि उरतात ती माणसं. ‘रुमाल, क्लिप, दस का तीन’ आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. सुनेचं प्रकरण तर शब्दन् शब्द कळतं, कारण त्यावर पांघरूण घालणारी चाकंच आता गप्प झालेली असतात. भलामोठा खर्च करून दुसऱ्याच्या घरातली भांडणं ऐकायची, हा सौदा मला काही पटलेला नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूने मान्य केली पाहिजे, नाहीतर दीर पुन्हा कपाळाला हात लावतील. गाडीचा आवाज खालच्या पट्टीत असतो आणि गाण्यातलंही खालच्या पट्टीतलं तोच गिळतो. लोकलमध्ये तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा येत नाही. तानपुरा असून नसल्यासारखा. मग डग्ग्याच्या आशेने आपण आवाज वाढवतो, कळव्याच्या खाडीपुलावर अजून वाढवतो, आणि ठाण्याला गाडी थांबली की कानात एकदम आरडाओरडा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असा आहे. ९० डेसिबलवर गेलात तर तेच ४० तास अवघे ४ होतात. येण्या-जाण्यातच संपले ते. बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन असला तर आवाज कमी ठेवता येतो, हा त्याचा खरा गुण. पण दुकानदार हा कधी सांगत नाहीत, ते ‘बेस बघा मॅडम, बेस’ एवढंच म्हणतात.

गळ्यात पट्टा आणि दोन टोकांना लोंबते दाणे, त्या नेकबँडला कॉलेजची मुलं नाकं मुरडतात. आमची भाची म्हणते, ‘मावशी, तो वॉचमनकाकांचा आहे.’ असेल. पण फलाटावरचा स्टॉलवाला, सोसायटीचा वॉचमन, हेल्मेट घालून पार्सल पोचवणारा मुलगा, या सगळ्यांनी तो उगाच नाही निवडला. गिऱ्हाईक आलं की कानातून काढून सोडून द्यायचं, तो गळ्यातच राहतो. चुंबकाने टोकं एकमेकांना चिकटतात. सकाळी चार्ज केला की दिवसभर पुरतो. आणि दारात उभं असताना कानातला दाणा निसटून रुळांवर गेला, असं होत नाही. चालता-फिरता वापरायच्या वस्तूचा इतका नीट विचार महागातल्या किती जणांनी केलाय? मी तो घेत नाही, कारण मंगळसूत्र, ओढणी, ऑफिसच्या कार्डाची दोरी यांच्यात अजून एक गळ्यात नको. भाचीने स्वतः काय घेतलं? वायरवाले, पांढरे. २००१ मध्ये आयपॉडबरोबर पांढऱ्या वायरी आल्या आणि खिशात काय आहे ते न दाखवता दिसायला लागलं. २०१६ मध्ये त्याच ॲपलने आयफोनचं वायरीचं भोकच बुजवलं. आता मुलींना पुन्हा वायर हवी, तीही भर बसमध्ये गुंता सोडवत बसायच्या तयारीनिशी. फॅशन आहे, चालायचंच.

आपल्या हवेचा विचार मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतो. ॲपलचा मोठा हेडफोन ३८० ग्रॅमच्या वर जातो. मे महिन्यात, कुर्ल्याला गाडी अडकलेली असताना, कानांवर दोन बंद गाद्या आणि डोक्यावर तेवढं वजन घेऊन बघा. शिवाय स्वस्तातल्या गाद्यांवर रेक्झीन असतं. दोन पावसाळे झाले की ते सुटायला लागतं. आधी शिवणीपाशी बारीक भेग, मग खपली, मग एक दिवस ऑफिसात कुणीतरी सांगतं की गालावर काहीतरी काळं लागलंय. झटकलं तर पसरतं. पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावरही तेच, काजळाच्या पापुद्र्यांसारखं.

म्हणून मी वळले फोमकडे. कॉसचा पोर्टा प्रो हा फोमच्या टिकल्यांचा हेडफोन १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात मिळतोय, घडी करून मुठीत मावतो. माझा त्याच घराण्यातला आहे, कमी खानदानी. फोमला घाम लागला तर धुता येतो, फाटला तर किरकोळीत नवा मिळतो. कुडीवर दाब येत नाही. उघडा असल्यामुळे ‘फलाट क्रमांक’ हे शब्द कानावर पडतात, आणि फास्ट गाडी स्लो ट्रॅकवर वळवली तर मला ते बाकीच्यांबरोबरच कळतं. डग्गा गाडीत ऐकू येत नाही ते नाहीच. म्हणून जाताना मी मुलाखती आणि गप्पा ऐकते, गाणं रात्री घरी. माझं गाणं शेजारणीला थोडं ऐकू जातं, पण तिचं सगळं मला ऐकू येतं, तेव्हा फिटंफाट.

परवा भाचीच्या मैत्रिणीसाठी लॅमिंग्टन रोडला, हेडफोनच्या दुकानात गेलो होतो. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. तिला झुमके घालूनच यायला सांगितलं होतं. एकेक हेडफोन डोक्यावर चढवायचा, वाकून चपलेचा पट्टा लावायचा, घसरला की बाद. मग गळ्यात उतरवायचा आणि डबा खाताना घालतो तशी मान खाली घालायची. गाद्या हनुवटीला लागल्या तर तोही बाद. केस मोकळे, मग अंबाडा, दोन्ही बघायचे. मग मी दोन हातांवरून नेहमीच्या आवाजात ‘किती वाजले?’ विचारणार, तिने उत्तर द्यायचं. काउंटरवर सात-आठ डबे उघडे पडले, तेव्हा इतका वेळ शांत असलेला पोरगा म्हणाला, ‘मॅडम, एकदा गाणं लावून बघणार का?’

‘लाव,’ मी म्हटलं. ‘पण आधी तो हिरवा काढ.’