अजून थोडी चालेल

परवा एका मित्राने दोन तासांसाठी माझी मोटारसायकल नेली. परत आणून किल्ली हातात देताना म्हणाला, "चेन कधी बदलतोयस?"

"का रे, काय झालं?"

"तुला ऐकू येत नाही?"

खरंच येत नव्हतं. तो गेल्यावर मी गाडी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी रमतगमत चालवून पाहिली आणि मान जरा खाली घातली. तेव्हा लागला आवाज. खर्र, खर्र, मध्येच एक टक्, पुन्हा खर्र. थ्रॉटल सोडून परत दिला की खालून कुणीतरी हलकेच धक्का द्यावा तसं व्हायचं. आता हे सगळं एका रात्रीत झालेलं नसणार. महिनोन् महिने गाडी वाजत होती आणि रोज तिच्यावर बसणारा मीच तेवढा बहिरा झालो होतो.

चेनचं हेच अवघड आहे. टायर पंक्चर होतो, बल्ब उडतो, क्लचची वायर तुटते, त्या प्रत्येकाला घटका-पळं असतात. चेन मात्र कधी गेली ते सांगता येत नाही. कालच्यापेक्षा आज ती जितकी झिजलेली असते, तितका आपला कानही आज सैलावलेला असतो.

चेन ताणली जाते, असं आपण सर्रास म्हणतो. पोलादाच्या पट्ट्या ओढून लांब झाल्यात असं चित्र त्यामुळे डोळ्यांपुढे येतं. पट्ट्यांना फारसं काही होत नाही. झिजते ती आतली पिन आणि ती पिन जिच्यात फिरते ती बुश. साधारण प्रवासी मोटारसायकलच्या 428 नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी असतं. अशा 120 कड्यांची चेन धरली तर ती दीड मीटरच्या किंचित वर भरते. आता प्रत्येक सांध्यात साध्या कागदाच्या जाडीइतकी, 0.1 मिमी झीज झाली असं समजा. कुठल्याही एका सांध्याकडे पाहून ती दिसायची नाही. पण 120 सांध्यांचे 120 कागद एकावर एक ठेवले की 12 मिमी होतात, आणि चेन जवळजवळ एका कडीने लांब होते.

हे सांधे किती राबतात याचा मी एकदा हिशेब मांडला. (गाडी धुवायला काढली की मला असले हिशेब सुचतात आणि गाडी धुवायची राहते.) चेन ज्या दातेरी चाकांवरून फिरते ती स्प्रॉकेट. मागच्या चाकाजवळच्या स्प्रॉकेटला 42 दात, गिअरबॉक्सजवळच्या पुढच्याला 14. एका किलोमीटरला मागचं चाक पाचशेहून जास्त वेळा फिरतं, तेवढ्यात चेनचे एकशे ऐंशीच्या वर फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सांधा चार वेळा हलतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो, मागे पुन्हा तेच. वीस हजार किलोमीटरला हा आकडा एका सांध्यामागे दीड कोटीच्या आसपास जातो. त्यात पुढचं स्प्रॉकेट लहान, त्यामुळे तिथं सांध्याला पंचवीस अंशांहून जास्त वाकावं लागतं, मागे नऊच्या आत भागतं. हे गणित झाल्यावर चेनबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला आणि त्या आदराच्या भरात मी तिला तेल घातलं. तेवढ्यापुरतं.

मराठीत चेनला साखळी आणि स्प्रॉकेटला दंतचक्र असे शब्द आहेत. साखळी म्हटलं की झोपाळा आठवतो, दंतचक्र म्हटलं की परीक्षा. गाडीवर बसणाऱ्या माणसाला चेनच ढिली झालेली कळते.

तर, अशी ढिली झालेली चेन आपण घट्ट करतो. मागच्या चाकाचा नट सैल करायचा, दोन्हीकडचे अॅडजस्टर सारखेच फिरवायचे, चाक जरा मागे सरकतं. मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर, रेघा कोरलेल्या असतात, दोन्ही बाजूंना एकाच रेघेवर चाक यायला हवं. किती ढिली ठेवायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, माझ्या गाडीला 20 ते 30 मिमी खाली-वर हलायला हवी. उत्साहाच्या भरात सतारीच्या तारेसारखी आवळू नये. खड्ड्यात मागचं सस्पेन्शन दबलं की चाक आणि गिअरबॉक्समधलं अंतर वाढतं, मग आधीच आवळलेली चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि बेअरिंगला ओढायला लागते. थोडी ढिली परवडते, जास्त घट्ट परवडत नाही, हे मी बेअरिंगच्या जिवावर शिकलो आहे.

खरा मोह इथंच असतो. अॅडजस्टर फिरवला की गाडी पुन्हा गप्प होते. प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. खरं तर झीज आहे तिथंच असते, आपण फक्त तिला बसायला जागा करून दिलेली असते. रेघा शिल्लक आहेत तोवर आपलं ठरलेलं वाक्य तयार असतं: अजून थोडी चालेल. चालढकल हा शब्द मोटारसायकल यायच्या कितीतरी आधीचा आहे, तरी तो खास चेनसाठी घडवल्यासारखा वाटतो. चालतेय, म्हणून पुढे ढकल.

मित्र गेल्यावर मी तपासणीला बसलो. पहिली परीक्षा सगळ्यात सोपी. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने धरायची आणि मागे ओढायची. नवी चेन तिथून हलत नाही, दातांना घट्ट बिलगून असते. माझी अशी सहज उचलली गेली की खालचा दात निम्म्याहून जास्त उघडा पडला. तो दात मी पाहिला आणि नजर काढून घेतली. नव्या स्प्रॉकेटचा दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. हे एका बाजूला कलले होते, लाटा एकाच दिशेने झुकाव्यात तसे, आणि टोकं इतकी बारीक की बोटाला टोचावीत.

मग मोजमाप. एका पिनेच्या मध्यापासून 20 कड्या मोजायच्या. नवी असेल तर बरोबर 254 मिमी भरतात. मोजताना चेन ताठ हवी. माझ्याकडच्या टेपने पहिल्यांदा 256 दाखवले, दुसऱ्यांदा 259. मी मनातल्या मनात पहिला आकडा स्वीकारला. नंतर लाज वाटून स्टीलची पट्टी शोधली आणि नीट मोजलं, तर 258 ला टेकत होती. म्हणजे दीड टक्का. मर्यादा गाडीगणिक वेगळी असते, पण बहुतेक ठिकाणी ती एक ते दोन टक्क्यांच्या मधेच सांगितलेली सापडते. वाद घालायला जागा होती, आणि मी थोडा वेळ घातलाही.

पट्टीलाही न दिसणारी एक गोष्ट चाक फिरवताना कळली. स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने हळूहळू फिरवत ढिलाई बघत गेलो. (इंजिन चालू ठेवून चेन पुसणारे लोक मी पाहिले आहेत. बोट आणि स्प्रॉकेट यांच्यात निकाल एकतर्फी लागतो.) एका जागी चेन चांगली दोन बोटं लोंबत होती, अर्धा फेरा पुढे गेल्यावर तीच ताठ. सगळे सांधे सारखे झिजत नाहीत. कुठे पावसाचं पाणी शिरतं, कुठे रबरी ओ-रिंग फाटून आतलं ग्रीस निघून जातं, कुठे तांबूस पूड दिसायला लागते. मग ढिल्या जागेला धरून घट्ट करावी तर ताठ जागा मरते, आणि ताठ जागेला धरून ठेवावी तर ढिला भाग चेनकव्हरवर आपटतो. अशा चेनला बरोबर ताण असा नसतोच. माझा निर्णय मिलिमीटरने नाही झाला, इथं झाला.

खरं तर आणखी एक खूण होती, ती मला आधीच कळायला हवी होती. सुरुवातीला हजार किलोमीटरला एकदा चेन घट्ट करावी लागायची. मग पाचशेला. आता दोनशेला. आता मी पट्टीआधी तेच विचारतो: मागच्या वेळी पाना कधी हातात घेतला होता?

बदलायचं ठरलं तरी माणूस सुधारत नाही. लगेच दुसरं मन म्हणालं, फक्त चेन बदलू, स्प्रॉकेट अजून बरी आहेत. दात कोरून पोट भरायचा हा प्रकार इथं अगदी शब्दशः लागू पडतो. जुन्या चेनच्या कड्या लांबल्या की त्या दातांवर जरा वर चढून बसतात आणि दात त्या वाढीव मापाने झिजतो. त्या दातांवर नव्या, नेमक्या मापाच्या चेनला बसवलं की सगळा भार मोजक्या दातांवर येतो आणि नवी चेन बघता बघता म्हातारी होते. उलट जुन्या चेनने नवं स्प्रॉकेट खाऊन टाकलेलंही पाहिलंय. इथं लग्नाची उपमा अगदी तोंडावर येते. पण ती देणाऱ्याला घरी जायचं असतं, म्हणून टाळतो.

पुढच्या स्प्रॉकेटची तर मी आजवर आठवणही काढली नव्हती. ते झाकणाआड असतं. झाकण काढल्यावर आत तेल आणि धुळीचा काळा लगदा निघाला, बोटभर जाड. तो खरवडल्यावर जे दात दिसले ते मागच्यापेक्षा वाईट होते. साहजिकच आहे, मागचं एकदा फिरतं तेवढ्यात हे तीनदा फिरतं, म्हणजे त्याच्या प्रत्येक दाताच्या वाट्याला तिप्पट काम. आपण तपासतो मागचं, कारण ते समोर दिसतं.

शेवटी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा अख्खा सेट आणला. तो बसवायला फार वेळ लागला नाही. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप लावताना मात्र हात थांबला. तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी, उलटी लावली आणि कशाला अडली तर निघून येते. चेन पळताना सुटली तर ती मागचं चाक जाम करू शकते किंवा इंजिनचं आवरण फोडू शकते. क्लिप लावली, पाहिली, गाडीला एक फेरी मारून पुन्हा पाहिली.

जुनी आणि नवी, दोन्ही चेन हातात घेऊन आडव्या धरल्या होत्या, हे सांगायचं राहिलं. नवी बसवण्याआधीच. बाजूवर आडवी धरली की नवी चेन जेमतेम वाकते, जुनी कमानीसारखी खाली आली. एका खिळ्याला दोन्ही टांगल्या तर जुनी जवळजवळ दोन कड्यांनी लांब. दोन कड्या! एवढं अंतर मी रोज, पायांच्या मधोमध, ऐकू न येता वागवत होतो.

पहिल्या फेरीला गाडी इतकी शांत होती की मला काही बिघडलंय असं वाटलं. थ्रॉटल दिला की लगेच पुढे, मधला तो धक्का नाही. मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आता हँडलचं बेअरिंग बघ."

जुनी चेन अजून त्याच खिळ्यावर आहे. नवी पाचशे किलोमीटर झाल्यावर सुरुवातीचं बसणं म्हणून जरा ढिली झाली, तेव्हा पाना घेऊन खाली बसलो. चाक अर्धी रेघ मागे गेलं. खडूने त्या जागी खूण करून ठेवली आहे आणि शेजारी किलोमीटर लिहिले आहेत.